नदीकाठची दोन कणसं

शिकागोला ऑनसाइट जाऊन आलेल्या कोणाचाही फोटो अल्बम उघडा. मिलेनियम पार्कमधला चकचकीत 'बीन', सिअर्स टॉवर (२००९ पासून अधिकृत नाव विलिस टॉवर, पण आपण सिअर्सच म्हणायचं), आणि नदीतल्या बोटीतून काढलेला दोन गोल इमारतींचा फोटो... हे तीन असणारच. त्या गोल इमारती म्हणजे मरीना सिटी. खालचे एकोणीस मजले नुसतं पार्किंग, तेही उघडं, कडेला रांगेने उभ्या केलेल्या गाड्या आता पडतील की मग अशा दिसणाऱ्या. त्यावर अर्धगोल बाल्कन्यांच्या घरांचे चाळीस मजले. शिकागोकर त्यांना मक्याची कणसं म्हणतात, आणि एकदा हे ऐकलं की दुसरं काही दिसतच नाही.

नदीकाठी, डाउनटाऊनच्या मधोमध, बाल्कनीतून पाण्याचा व्ह्यू. आजच्या कुठल्याही बिल्डरच्या गुळगुळीत ब्रोशरमध्ये असतं तेच सगळं. पण हे टॉवर कोणा बड्या बिल्डरच्या डोक्यातून निघालेले नाहीत. ते उभे केले जॅनिटर लोकांच्या युनियनने! म्हणजे इमारतीचे जिने पुसणारे, कचरा काढणारे, थंडीत बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे, लिफ्ट चालवणारे, खिडक्या धुणारे... त्यांची युनियन. हे वाचल्यावर मी थोडा खोदत गेलो. उंच इमारतीत, पाण्याकाठी, 'स्वतःच्या मालकीचा' फ्लॅट घेऊन राहणं ही जी आज आपल्या पिढीला एकदम नैसर्गिक आकांक्षा वाटते, ती जेमतेम साठ-सत्तर वर्षांची आहे आणि तिचे धागेदोरे भलतीकडेच आहेत.

सुरुवात पन्नाशीच्या दशकापासून. १९५० च्या जनगणनेत शिकागोची लोकसंख्या ३६ लाख २० हजारांच्या घरात होती. १९६० ला ती ३५ लाख ५० हजारांवर आली. आकडा छोटा वाटतो, पण वाढण्याखेरीज दुसरं काही माहीत नसलेल्या त्या शहरात जनगणनेत लोक कमी भरण्याची ही पहिलीच वेळ. गोरा मध्यमवर्ग उपनगरात पळत होता. नवे हायवे, स्वस्त गाड्या, आणि मुख्य म्हणजे फेडरल हाऊसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन उर्फ एफएचए. ही १९३४ साली निघालेली सरकारी संस्था गृहकर्जाचा विमा उतरवायची. कर्ज बुडालं तर सरकार बँकेला भरून देणार, त्यामुळे बँका बिनधास्त कर्ज द्यायच्या. पण हा विमा द्यायचा कोणाला, याबद्दल एफएचएची मतं ठाम होती. नवरा, बायको, मुलं, अंगण असलेलं सुटं घर, गोरी वस्ती. काळ्या लोकांच्या वस्त्या नकाशावर रंगवून सरळ बाद केलेल्या. शहराच्या मधोमध उंच इमारतीत राहू पाहणारं बिनमुलांचं जोडपं किंवा एकटा माणूस हा त्यांच्या दृष्टीने 'ग्राहक'च नव्हता.

आता यात जॅनिटरचं काय बिघडलं? सगळंच. उपनगरातला माणूस आपलं गवत आपण कापतो, आपला कचरा आपण बाहेर ठेवतो. त्याच्या घराला लिफ्ट नाही. म्हणजे शहरातून जाणारं प्रत्येक कुटुंब थोडं थोडं जॅनिटरचं कामही बरोबर घेऊन जात होतं. त्यातच बटण दाबलं की आपली आपण चालणारी लिफ्ट आली. लिफ्टमन ही अख्खी जमात एका दशकात नामशेष व्हायच्या मार्गाला लागली. कोळशाच्या जागी गॅस आणि तेलाचे बॉयलर आले, म्हणजे कोळसा ओढायलाही माणूस नको. ऑटोमेशनमुळे नोकऱ्या जाणार ही भीती आपल्या आयटीवाल्यांची खास मक्तेदारी नाही बरं का :)

या लोकांची युनियन म्हणजे बिल्डिंग सर्व्हिस एम्प्लॉईज इंटरनॅशनल युनियन. १९४० ते १९६० तिचा अध्यक्ष होता विल्यम मॅकफेट्रिज. शिकागोचाच माणूस, महापौर रिचर्ड डेलींच्या गोटातला. त्याने हिशोब साधा मांडला. लोक शहरात राहिले तर इमारती राहतील, इमारती राहिल्या तर आपली माणसं कामावर राहतील. मोर्चे काढून लोक उपनगरातून परत येणार नाहीत. मग आपणच घरं बांधायची! युनियनचा पैसा घालायचा आणि मध्यमवर्गाला परवडेल अशा भाड्याची घरं डाउनटाऊनमध्येच उभी करायची.

जागा मिळाली नदीच्या उत्तर काठावर, रेल्वेची. इथे कोणी म्हणेल, काठावरच राहायचं तर मिशिगन सरोवर का नाही? तलाव कसला, समुद्रच तो. पण सरोवराच्या काठाची गोष्ट वेगळी आहे. तिथला डाउनटाऊनसमोरचा पट्टा कायम मोकळा ठेवायचा असं १८३६ च्या नकाशावरच लिहून ठेवलेलं होतं, आणि माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या एका हट्टी व्यापाऱ्याने १८९० पासून वीस वर्षं कोर्टकचेऱ्या करून ते शहराला पाळायला लावलं. दरम्यान १८९२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या खटल्यात सांगितलं की सरोवराचा तळ ही जनतेची ठेव आहे, सरकार फक्त विश्वस्त, ती खासगी कंपनीला अशी देऊन टाकता येत नाही. (हाच निकाल १९९६ च्या डिसेंबरात आपल्या सुप्रीम कोर्टाने बियास नदीकाठच्या हॉटेलच्या खटल्यात आधाराला घेतला. जगात कुठून कुठे धागे जातात!) तरी पळवाटा निघायच्याच. १९६८ साली सत्तर मजली लेक पॉइंट टॉवर थेट सरोवराच्या बाजूला उभा राहिला, आणि लोकांनी एवढा धसका घेतला की १९७३ मध्ये शहराने असं पुन्हा होऊ नये म्हणून वटहुकूम काढला. आजही त्या बाजूला तो एकटाच आहे. त्याच्या खिडकीतून दिसणारा व्ह्यू कोणी अडवू शकत नाही, कारण बाकीच्यांना तसं बांधायची बंदी आहे. व्ह्यूची किंमत त्या बंदीत आहे.

असो. नदीबद्दल मात्र कोणी भांडायला आलं नाही, कारण नदी म्हणजे गटार होती. शहराचं सांडपाणी सरोवरात, म्हणजे पिण्याच्या पाण्यात, जाऊ नये म्हणून १९०० साली कालवा खणून नदीचा प्रवाहच उलटा फिरवला होता. काठावर गोदामं, रेल्वे यार्ड आणि धक्के. मरीनाच्या जागेपासून एक-दोन ब्लॉकवर, पलीकडच्या काठाला, १९१५ साली ईस्टलँड नावाची सहलीची बोट धक्क्याला बांधलेलीच कलंडली आणि ८४४ माणसं गेली. 'रिव्हर व्ह्यू' हा शब्द १९५९ साली कोणी शिकागोत उच्चारला असता तर लोक हसले असते.

आर्किटेक्ट होता बर्ट्रंड गोल्डबर्ग. हा शिकागोचाच, पण १९३२ मध्ये जर्मनीत बाउहाउसला शिकायला गेलेला, तिथे मीस व्हॅन डर रोहच्या हाताखाली शिकलेला. मीस पुढे शिकागोला आला आणि सरोवरासमोर रस्त्याच्या अलीकडे लोखंड-काचेचे दोन कडक काटकोनी टॉवर उभे करून गेला (८६०-८८० लेक शोर ड्राइव्ह, १९५१). शिष्याने बरोबर उलटं केलं. मरीना सिटीत राहत्या खोल्यांना काटकोन शोधावा लागतो. मधे काँक्रीटचा नळकांडीसारखा गाभा, त्यात लिफ्ट, जिने आणि पाइप. त्याच्याभोवती गोल पॅसेज, आणि पॅसेजभोवती फुलाच्या पाकळ्यांसारख्या खोल्या. मजल्याला १६ पाकळ्या. एक पाकळी म्हणजे एका माणसाचा स्टुडिओ, दीड पाकळी म्हणजे वन बेडरूम, अडीच पाकळ्या म्हणजे टू बेडरूम.

मी जरा हिशोब करून पाहिला. दोन्ही टॉवर मिळून स्टुडिओ २५६, वन बेडरूम ५७६, टू बेडरूम ६४, एकूण घरं ८९६. पाकळ्यांत मोजलं तर २५६ अधिक ८६४ अधिक १६०, म्हणजे १,२८०. आणि ४० मजले गुणिले २ टॉवर गुणिले १६ पाकळ्या? १,२८०! एकही पाकळी वाया नाही. असा कोड रिव्ह्यूला आला तर मी डोळे मिटून अप्रूव्ह करीन. पार्किंगच्या जागाही बरोबर ८९६.

पण या आकड्यांतली खरी गोष्ट वेगळी आहे. ८९६ पैकी ८३२ घरं एकट्या माणसाची नाहीतर दोघांची. मुलांना जागाच नाही. एफएचएच्या डोक्यातल्या 'कुटुंबा'ला हा सरळ सरळ धक्का होता. गोल्डबर्गचं म्हणणं होतं की ऑफिसच्या इमारती आठवड्याचे पस्तीस तास वापरायच्या आणि बाकी वेळ शहर ओस पाडायचं, हे शहराला परवडणारं नाही. तिथेच राहा, तिथेच काम करा, तिथेच खेळा. त्यामुळे टॉवरच्या पायथ्याशी ऑफिसची इमारत, थिएटर, बोलिंग अ‍ॅली, बर्फाची स्केटिंग रिंक, दुकानं, आणि अगदी खाली पाण्याला लागून बोटी ठेवायची जागा, जिच्यावरून नाव पडलं. शेवटी एफएचए तयार झालं आणि कर्जाला विमा मिळाला. नोव्हेंबर १९६० मध्ये काम सुरू झालं आणि १९६२ च्या ऑक्टोबरात पहिले भाडेकरू राहायलाही आले. अमेरिकेत टॉवर क्रेन वापरून बांधलेल्या अगदी सुरुवातीच्या इमारतींपैकी ही एक. उंची ५८७ फूट, पूर्ण झाली तेव्हा जगातली सगळ्यात उंच राहती इमारत.

आणि यातला विनोद बघा. घरं संपूर्ण विजेवर. प्रत्येक फ्लॅटचं हीटिंग आणि एसी स्वतंत्र, मध्यवर्ती बॉयलर नाहीच. म्हणजे जॅनिटरच्या पैशांतून जी इमारत झाली तिच्यात जॅनिटरचं जे पिढ्यान् पिढ्यांचं मुख्य काम, बॉयलर सांभाळणं, तेच उरलं नाही. अर्थात साफसफाई, देखभाल, पार्किंगमध्ये गाड्या लावणं ही कामं होतीच. पण मॅकफेट्रिजने वाचवायला काढलेली नोकरी आणि मिळालेली नोकरी या दोन वेगळ्या होत्या.

या सगळ्याचा व्यवहार सांभाळणारा माणूस होता चार्ल्स स्विबेल. पोलंडमध्ये जन्मलेला, शिकागोत रियल इस्टेटमध्ये वर आलेला. हाच स्विबेल १९५६ पासून शिकागो हाऊसिंग अथॉरिटीच्या मंडळावर होता आणि १९६३ ते १९८२ तिचा अध्यक्ष. आता मरीना सिटीचा पत्ता बघा, ३०० नॉर्थ स्टेट स्ट्रीट. याच स्टेट स्ट्रीटवरून दक्षिणेला काही मैल गेलात तर तिथे याच सुमारास, १९६२ मध्ये, हाऊसिंग अथॉरिटीचे रॉबर्ट टेलर होम्स तयार झाले. सोळा मजल्यांच्या अठ्ठावीस इमारती, एका ओळीत, चार हजारांहून जास्त घरं, जवळपास सगळी गरीब काळी कुटुंबं. रॉबर्ट टेलर हे अथॉरिटीचे पहिले काळे अध्यक्ष. सरकारी घरं फक्त काळ्या वस्त्यांतच कोंबायच्या नगरपरिषदेच्या धोरणाला कंटाळून १९५० मध्ये बाहेर पडलेले. त्यांचंच नाव नेमकं त्याच धोरणाच्या सगळ्यात मोठ्या नमुन्याला दिलं.

मला हा भाग सगळ्यात टोचला. एकच रस्ता, एकच काळ, काँक्रीटच्या उंच इमारतींचीच कल्पना. वर उल्लेखलेल्या गोल टॉवरमध्ये मुलं नाहीत, राखणीला पगारी माणसं, विमा सरकारचा. तिकडे मुलंच मुलं, सतत बंद पडणाऱ्या लिफ्ट, जाळी लावलेल्या उघड्या गॅलऱ्या आणि देखभालीला पैसा नाही. पुढे वर्षानुवर्षं लोक म्हणत राहिले की उंच इमारती वाईट, त्यात माणसं बिघडतात. अहो, इमारतींचा काय दोष! दोन्हींचा फरक लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या पगारात होता. १९८२ मध्ये केंद्रीय गृहखात्याच्या दबावाखाली स्विबेलला अध्यक्षपद सोडावं लागलं. रॉबर्ट टेलर होम्सची शेवटची इमारत २००७ मध्ये पाडली. मरीना सिटीला २०१६ मध्ये शहराने ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला.

आतापर्यंत 'मालकी' हा शब्द कुठे आला नाही हे लक्षात आलं असेल. मरीना सिटी सुरू झाली ती भाड्याच्या घरांची. हवेत लटकलेल्या घराचं मालक होता येतं ही कल्पनाच अमेरिकेत नवी होती. मीसचे ते दोन टॉवर होते को-ऑपरेटिव्ह. म्हणजे आपल्या हाऊसिंग सोसायटीसारखे, इमारत संस्थेची आणि तुमच्याकडे शेअर. पण तिकडे अख्ख्या इमारतीवर मिळून एकच कर्ज असायचं. शेजाऱ्याने हप्ता थकवला तर भार तुमच्यावर. १९३० च्या मंदीत अशा कित्येक को-ऑप धडाधड बुडाल्या. थोडक्यात, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर.

यावर तोडगा आला पोर्तो रिकोहून. तिथे १९५८ मध्ये स्पॅनिश परंपरेतला 'आडव्या मालमत्तेचा' कायदा झाला. जमिनीचे उभे तुकडे पडतात तसे इमारतीचे आडवे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला वेगळा मालक, वेगळं कर्ज, वेगळा कर. जमीन, गाभा, छत, जिने मात्र सगळ्यांचे सामाईक, अविभक्त हिश्श्याने. हेच कॉन्डोमिनियम. १९६१ मध्ये एफएचएने अशा फ्लॅटच्या कर्जाला विमा द्यायला सुरुवात केली, १९६३ मध्ये इलिनॉयने आपला कॉन्डो कायदा केला आणि साठीचं दशक संपेपर्यंत जवळपास सगळ्या राज्यांत ते लोण पोचलं. आपल्याकडे १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट वाचलात तर त्यातलं डिक्लरेशन, सामाईक जागा, अविभक्त हिस्सा हे सगळं त्याच घराण्यातलं आहे. पुण्यात फ्लॅट बघायला गेल्यावर आपण विचारतो ना, "सोसायटी आहे की अपार्टमेंट?" तो प्रश्न असा शिकागो-पोर्तो रिको मार्गे आलेला आहे!

सत्तरीच्या दशकात शिकागोत भाड्याच्या इमारतींची कॉन्डो करायची लाटच आली. शंभर मजली जॉन हॅनकॉकमधली घरं १९७३ मध्ये, मरीना सिटी १९७७ मध्ये. लेक पॉइंट टॉवर जरा उशिरा, १९८८ ला. प्रत्येक ठिकाणी भाडेकरूपुढे तोच प्रश्न, विकत घे नाहीतर सामान बांध. जॅनिटरच्या युनियनने मध्यमवर्गीय भाडेकरूंसाठी काढलेली गोष्ट अशा तऱ्हेने ८९६ तुकड्यांत विकली गेली. खालचा व्यापारी भाग दिवाळखोरीतून गेला, थिएटरच्या जागी १९९६ मध्ये हाऊस ऑफ ब्लूज आलं, ऑफिसच्या इमारतीचं हॉटेल झालं. नदी स्वच्छ होत गेली, काठावर फिरायचा रस्ता झाला, आणि गटाराकाठची जागा हळूहळू शहरातल्या महागड्या जागांत जाऊन बसली. २०२० मध्ये थोडं पुढे, नदी सरोवराला मिळते त्या बाजूला, सेंट रीजिस हा १०१ मजली टॉवर झाला. तिथे विकलं जातं ते मुख्यतः पाण्याचं दर्शन.

कॉन्डोचं कागदावरचं डिझाइन मला खरंच आवडतं. कर्ज वेगळं, कर वेगळा, शेजारी बुडाला तरी तुम्ही तरलात. पण काँक्रीटचे तुकडे कायद्याने पडत नाहीत. गाभा एकच, पाया एकच, गळती एकच. २४ जून २०२१ च्या पहाटे फ्लोरिडात सर्फसाइडला समुद्रकाठची शॅम्पलेन टॉवर्स साऊथ ही १९८१ सालची बारा मजली कॉन्डो इमारत कोसळली. ९८ माणसं मेली. स्विमिंग पूलच्या डेकखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय, काँक्रीट खराब होतंय, असा इंजिनीअरचा अहवाल २०१८ मध्येच आलेला होता. मधली तीन वर्षं १३६ फ्लॅटच्या मालकांच्या मीटिंगा, भांडणं, राजीनामे यांत गेली. शेवटी दीड कोटी डॉलरच्या दुरुस्तीची वर्गणी मंजूर झाली. ती भरायला सुरुवात व्हायची होती १ जुलैपासून.

आपल्या सोसायटीच्या जनरल बॉडी मीटिंगला कधी बसला असाल तर हे चित्र डोळ्यांसमोर आणायला अमेरिकेला जायची गरज नाही. टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला की तळमजल्यावाले घड्याळ बघतात. फ्लोरिडाने २०२२ मध्ये कायदा करून जुन्या उंच कॉन्डोंना तपासणी आणि दुरुस्तीसाठी राखीव निधी सक्तीचा केला. त्यापायी महिन्याचा मेंटेनन्स इतका वाढला की समुद्रासमोर तीस तीस वर्षं राहिलेले कित्येक पेन्शनर घर विकून निघाले.

युनियनचं काय झालं हे सांगायचं राहिलंच. १९६८ मध्ये तिने आपल्या नावातला 'बिल्डिंग' हा शब्द गाळला आणि ती झाली सर्व्हिस एम्प्लॉईज इंटरनॅशनल युनियन, एसईआययू. आज ती अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या युनियनांपैकी एक आहे, आणि तिच्यात नर्सेसपासून घरी येऊन म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्यांपर्यंत सगळे आहेत. शिकागोच्या कॉन्डो टॉवरमधले जॅनिटर आणि लॉबीत दार उघडणारे डोअरमन मात्र अजूनही तिच्या 'लोकल १' मध्येच असतात. त्यांचा पगाराचा करार संपत आला की समोर वाटाघाटीला आता एकटा घरमालक नसतो, शेकडो फ्लॅटवाल्यांच्या वतीने बोलणारी माणसं असतात. आणि त्या शेकडोंपैकी प्रत्येकाला मेंटेनन्स कमी हवा असतो.